वर्गणीचा आकडा आणि होळीचा मुहूर्त

वर्गणी आपल्याला नवी नाही. सप्ताह असो, देवळाचा कळस असो, नाहीतर कुस्त्यांची दंगल असो, चार माणसे वही घेऊन दारात येतात आणि ज्याला जे जमेल ते तो देतो. सप्त्याला दोन हजार कमी पडले तर पंगतीतले एक गोडधोड कमी होते, सप्ताह मोडत नाही. पण आताच्या वर्गणीबरोबर ठरलेला आकडा येतो, आणि आकड्याबरोबर मुदत. गाडी अडते ती तिथे.

पाण्याचेच पाहा. जल जीवन मिशन २०१९ साली सुरू झाले. गावातल्या कामाच्या खर्चाचा काही वाटा गावाने उचलावा, असा त्याचा नियम. एरवी हा वाटा १० टक्के. डोंगराळ व जंगलाच्या भागात, किंवा निम्म्याहून अधिक वस्ती अनुसूचित जाती-जमातींची असेल तिथे, ५ टक्के. आपल्या जिल्ह्यात अक्राणी, अक्कलकुव्याकडची गावे या ५ टक्क्यांतच बसतात. २००२ च्या स्वजलधारा योजनेतही गावाचा १० टक्के वाटा होताच. कल्पना वाईट नाही. ज्याचा पैसा लागला, तो नळाची तोटी जपतो.

आता हिशेब मांडू. काम २० लाखांचे धरले तर ५ टक्के म्हणजे १ लाख. गावात शंभर घरे असली तर घरटी हजार रुपये. कागदावर सोपे! पण मागायचे केव्हा? दिवाळी झाली की सातपुड्याच्या पाड्यांवरची कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत जातात. पौषात वही घेऊन गेलात तर दाराला कडी आणि ओट्यावर एखादी म्हातारी. त्यातली बरीच माणसे होळीला मात्र घरी येतात. काठीची होळी चुकवणे सहसा कुणाला रुचत नाही. तेव्हा हातात चार पैसेही असतात. पौषात ‘नाही’ म्हणणारे घर शिमग्याला देते. मुदत ठरवणाऱ्याने हे पंचांग पाहिलेले नसते, आणि वर ठपका येतो तो गावावर, की लोकांना पाणीच नको!

आता हीच वही मोबाइलवर आली आहे. तिला क्राउडफंडिंग म्हणतात. तिच्या दोन तऱ्हा आहेत. अमेरिकेतल्या किकस्टार्टरची (२००९) तऱ्हा अशी, की ठरल्या दिवसापर्यंत आकडा पुरा झाला नाही तर देणाऱ्याच्या खात्यातून पैसा कापलाच जात नाही. देणारा सुरक्षित, पण शंभरातले नव्वद जमवणाऱ्याच्या हाती शून्य. आपल्याकडे आजारपणासाठी केटो, मिलाप यांवर मदत मागतात. तिथे जमेल तेवढे मिळते. पण ८ लाखांच्या शस्त्रक्रियेला ५ लाख जमले तर उरलेले ३ आणायचे कुठून? पुन्हा सावकार नाहीतर शेत. शिवाय पैसे भरताना ‘टिप’ म्हणून एक रक्कम पुढे येते, ती रुग्णाला नव्हे, चालवणाऱ्याला जाते. ती नीट पाहून मगच बोट दाबा. आणि ज्या पाड्यावर मोबाइलला रेंज नाही, तिथल्या आजाऱ्याची हकीकत लिहिणार कोण?

मोठा आकडा पुरा होतच नाही असे नाही. १९७६ साली श्याम बेनेगलांचा ‘मंथन’ सिनेमा आपल्या शेजारच्या गुजरातेतल्या ५ लाख दूधउत्पादकांनी प्रत्येकी २ रुपये देऊन उभा केला. दहा लाख झाले! पैसे वळते झाले ते दुधाच्या हिशेबातून, म्हणजे हातात पैसा येण्याच्या जागीच. वेगळी वही घेऊन कुणी दारोदार फिरले नाही.

तेव्हा ग्रामसभेत पाण्याच्या वर्गणीचा विषय निघाला की मंडळींनी आकड्याआधी मुदत विचारावी. वाटा रोखच द्यावा असे नाही, वस्तू किंवा श्रमही चालतात. चर खणायला आलेल्याचे दिवस वहीत पैशाप्रमाणे मांडून घ्यावेत. पावती मागावी. आकडा पुरा झाला नाही तर जमलेल्याचे काय, हेही ठरावात लिहून घ्यावे. आणि योजना चालू झाल्यावर गावातल्या खर्चाच्या १० टक्क्यांइतकी रक्कम पाणी समितीला फिरता निधी म्हणून द्यावी, अशी तरतूद मिशनच्या मार्गदर्शक सूचनांत आहे. पंप जळाला की लागतो तो हाच पैसा. तो आपल्या समितीच्या खात्यावर आला का, हे बायाबापड्यांनीही ग्रामसेवकांना उभे राहून विचारायला हरकत नाही.