कोणता भिल्लम?

सिन्नर कोणी वसवलं, या प्रश्नाला इतिहासाची पुस्तकं चटकन उत्तर देतात: सेऊणचंद्र यादवाने, नवव्या शतकाच्या अखेरीस. त्याने वसवलेलं सेऊणपूर म्हणजे बहुधा आजचं सिन्नर. या गावाचं जुनं नाव कोरीव अक्षरांत भेटतं ते इ.स. १०६९ च्या एका ताम्रपटात, ‘सिंदिनेर’ असं. तो ताम्रपट कोणाचा? सेऊणचंद्र यादवाचा.

म्हणजे एक माणूस पावणेदोनशे वर्षं राज्य करत होता, किंवा माणसं दोन होती. दोनच होती. वसवणारा सेऊणचंद्र वेगळा आणि १०६९ चा, वसईला सापडलेल्या त्या ताम्रपटातला दाता सेऊणचंद्र वेगळा. मधे पिढ्यांमागून पिढ्या गेल्या होत्या.

सेऊणचंद्र निदान दोनच आहेत. भिल्लमांचं काय करायचं? यादवांच्या वंशात इतिहासकारांनी पाच भिल्लम मोजलेत. त्यातल्या एकाने इ.स. १००० मध्ये, म्हणजे शके ९२२ मध्ये, दान दिल्याचा ताम्रपट सिन्नरच्या शेजारी संगमनेरला मिळाला. दुसऱ्या एकाचा, १०२५ च्या सुमाराचा, अकोले तालुक्यातल्या कळस बुद्रुकला. आणि ज्याने देवगिरीला राजधानी नेली, चालुक्यांचं जोखड झुगारून यादवांना खरेखुरे राजे केलं, तो भिल्लम बाराव्या शतकाच्या शेवटचा. संगमनेर ते कळस हे अंतर मोटारसायकलवर तासाभरात कापता येतं, पण तिथल्या दोन ताम्रपटांतले दोन भिल्लम वेगळे आहेत हे कळायला आधी पट सापडावे लागले, मग ते वाचावे लागले, मग एकमेकांशी ताडून पाहावे लागले.

ते ताडून पाहणं कसं चालतं, ही या सगळ्यातली मला सर्वांत अद्भुत वाटणारी गोष्ट. ताम्रपट हा त्या काळचा सातबारा समजा. अमुक गाव अमुक ब्राह्मणाला दिलं, त्याच्या चतुःसीमा अशा, तिथी ही, ग्रहण किंवा संक्रांत ही. पण दान देणारा कोण हे सांगायला नुसतं नाव पुरत नाही, म्हणून सुरुवातीला वंशावळ येते. दृढप्रहार, त्याचा सेऊणचंद्र, त्याचा धाडियप्प, त्याचा भिल्लम... आणि पुढे पुन्हा धाडियप्प, पुन्हा भिल्लम. आजोबाचं नाव नातवाला द्यायची रीत घराघरात होती, ती राजवाड्यातही होती. वेसुगीमागून भिल्लम, त्यामागून वेसुगी, पुन्हा भिल्लम. लेख लिहिणाऱ्या पंडितालाही याचं भान असावं, कारण तो प्रत्येकाला काही ना काही खूण चिकटवून ठेवतो. कोणाची बायको कोणत्या घरची, कोणाने कोणती लढाई मारली, कोणी कोणतं देऊळ बांधलं.

या खुणांवरच पुढचं सगळं उभं आहे. संगमनेरच्या ताम्रपटातला भिल्लम चालुक्य तैलपाच्या बाजूने माळव्याच्या मुंजाविरुद्ध लढला. मुंजाचा शेवट दहाव्या शतकाच्या अखेरच्या वर्षांतला, म्हणजे हा भिल्लमही त्याच सुमाराचा. त्याची राणी राष्ट्रकूटांच्या कुळातली. कळसच्या भिल्लमाची राणी मात्र चालुक्य राजा जयसिंहाची मुलगी, त्यामुळे तो सरळ पुढच्या पिढ्यांत जाऊन बसतो. (हा जयसिंहसुद्धा ‘दुसरा’ बरं का. एक गाठ सोडवायला हाती घ्यावी तर दोर सापडतो तोही गाठी पडलेलाच.) मग देवगिरीच्या काळात हेमाद्रीने आपल्या ‘चतुर्वर्गचिंतामणी’त यादवांची जी प्रशस्ती घातली, ती या पटांशी लावून पाहायची. जुळलं तर ठीक, नाही तर कोण चुकलं ते शोधायचं. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी १८८४ च्या आपल्या दख्खनच्या इतिहासात हे काम केलं. त्यांचे चिरंजीव देवदत्त हेही नामांकित इतिहाससंशोधक, त्यामुळे संदर्भात नुसतं ‘भांडारकर’ लिहिलेलं दिसलं की वाचणारा आता विचारतो, कोणते?

तर भिल्लमापुढचे ते पहिला, दुसरा, पाचवा हे आकडे अलीकडच्या अभ्यासकांनी लावलेले. देवगिरी उभारणाऱ्याला आपण ‘पाचवे’ आहोत याची गंधवार्ता नव्हती. उद्या एखाद्या शेतात नांगराला नवा ताम्रपट लागला आणि मधे आणखी एक भिल्लम निघाला, तर बिचारा सहावा होईल. युरोपात राजे आणि पोप जिवंतपणी आकडे लावून घेतात, तरी तिथेही गोंधळ चुकला नाही. १२७६ मध्ये एका पोपने ‘एकविसावा जॉन’ हे नाव घेतलं. आधीची मोजदाद चुकली होती. विसावा जॉन असा पोप कधी झालाच नाही, आणि यादीतली ती जागा आजही रिकामी आहे.

मराठी माणसाने आकड्यांची भानगड फारशी ठेवली नाही. थोरले बाजीराव म्हटलं की कळतं, दुसऱ्याला ‘दुसरे’ म्हणायला इतिहासाचं पुस्तक लागलं. थेऊरला १७७२ मध्ये गेले ते थोरले माधवराव, १७७४ मध्ये जन्मले ते सवाई माधवराव. भोसल्यांच्या घरात तर याहून गंमत आहे. शिवाजी महाराजांच्या दोन्ही मुलांनी आपापल्या मुलाला आजोबांचं नाव दिलं. संभाजी महाराजांचा मुलगा शिवाजी, १६८२ चा. राजाराम महाराज आणि ताराबाईंचा मुलगाही शिवाजी, १६९६ चा. हे दोघे चुलतभाऊ पुढे एकाच गादीचे दावेदार झाले. पहिला जगाला शाहू महाराज म्हणून माहीत आहे, म्हणून हा पेच आपल्या लक्षात येत नाही. नाही तर १७०७ नंतरचा मराठ्यांचा इतिहास शाळेत शिकवणं कठीण होतं. राजाराम महाराजांच्या दुसऱ्या राणीचा, राजसबाईंचा मुलगा संभाजी, हे जाता जाता.

सिन्नरमध्ये असा एक पेच गोंदेश्वराच्या दारातच आहे. भूमिज शैलीचं ते उंच शिखर, मधे महादेव, चार कोपऱ्यांत सूर्य, विष्णू, पार्वती, गणपती यांची छोटी देवळं. लोक सवयीने ‘हेमाडपंती’ म्हणतात, पण हेमाद्री तेराव्या शतकातला आणि देऊळ त्याच्या आधीचं. बांधलं कोणी? इंग्रजी अमदानीतल्या नाशिक गॅझेटियरमध्ये गावची आख्यायिका नोंदली आहे: राव शिंगुणी नावाच्या गवळी राजाने सिन्नर वसवलं आणि त्याच्या मुलाने, राव गोविंदाने, दोन लाख रुपये खर्चून हे देऊळ उभारलं. आता यादवांच्या यादीत बाराव्या शतकाच्या मध्यात थोडा काळ गादीवर आलेला एक गोविंदराज आहे खरा. पण तो शिंगुणीचा मुलगा असलेला गोविंदच का? शिंगुणी ऐकताना मला सिंघण ऐकू येतो, आणि सिंघणही यादवांत एकाहून अधिक. आख्यायिका अशीच करते. तीन पिढ्या दोन माणसांत बसवते आणि ऐकणाऱ्याला देवळाचा एक मालक देऊन मोकळी होते.

सिंघणाचं नाव निघालंच आहे तर त्यांतल्या सर्वांत मोठ्याकडे, तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात देवगिरीवर असलेल्या सिंघणाकडे जाऊ. संगीतरत्नाकर लिहिणारा शार्ङ्गदेव त्याच्याच आश्रयाला. आणि चाळीसगावजवळच्या पाटण्याचा शिलालेखही त्याच्याच राज्यातला, १२०७ चा. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो उजेडात आणला. त्यात म्हटलंय की भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला आणि निकुंभ वंशाच्या सोइदेवाने त्याला दान दिलं. एका गणितज्ञाच्या पुस्तकांसाठी पाठशाळा, तीही त्याच्या मृत्यूनंतर पंचवीसेक वर्षांत! आपल्याकडे असं वारंवार घडलेलं नाही, म्हणून थांबून पाहावं असं.

हे भास्कराचार्य सिद्धांतशिरोमणीवाले. जन्म शके १०३६, म्हणजे १११४. ग्रंथ वयाच्या ३६ व्या वर्षी. त्यांच्याआधी पाचशे वर्षं आणखी एक भास्कर होऊन गेला होता. त्याने ६२९ मध्ये आर्यभटीयावर भाष्य लिहिलं, शिवाय महाभास्करीय आणि लघुभास्करीय हे ग्रंथ लिहिले. पण दुसऱ्याचा प्रकाश एवढा की पहिला त्यात हरवून गेला. जुन्या टीकाकारांच्या लिखाणात ‘भास्कर’ असा उल्लेख दिसायचा आणि ते टीकाकार तर सिद्धांतशिरोमणीच्या आधीचे! हे कसं, हा प्रश्न पडत गेला. बिभूतिभूषण दत्त यांचा १९३० चा एक लेखच ‘दोन भास्कर’ या नावाचा आहे. पुढे भारताने १९७९ मध्ये भास्कर-१ आणि १९८१ मध्ये भास्कर-२ असे उपग्रह सोडले, दोघांच्याही नावाने. त्यांच्या हयातीत नव्हते ते आकडे अवकाशात मात्र अधिकृतपणे लागले.

आर्यभटाच्या बाबतीत नेमकं उलटं झालं होतं. अल्-बिरुनीने दोन आर्यभट सांगितले, एक थोरला आणि एक कुसुमपूरचा. अभ्यासकांनी बारकाईने पाहिलं तेव्हा ते दोघे एकच निघाले. खरा दुसरा आर्यभट होता, पण तो वेगळाच, दहाव्या शतकातला. दोघांचा एक करणं सोपं असतं, एकाचे दोन करणंही फार अवघड नसतं.

पाटण्याच्या त्या शिलालेखात भास्कराचार्यांची वंशावळ आहे, आणि तीत आणखी एक भास्कर बसला आहे! त्रिविक्रम, त्याचा मुलगा भास्करभट्ट, मग गोविंद, प्रभाकर, मनोरथ, महेश्वर, आणि मग आपले भास्कराचार्य. मूळपुरुष त्रिविक्रमाला लेख कविचक्रवर्ती म्हणतो, शांडिल्य गोत्राचा. नलचंपू लिहिणारा त्रिविक्रमभट्टही कवी, तोही शांडिल्य. नाव एक, गोत्र एक, धंदा एक. मग हाच तो, असं काहींनी धरलं. पण नलचंपूचा कवी राष्ट्रकूट तिसऱ्या इंद्राच्या दरबारातला, ९१५ च्या सुमाराचा. आणि वंशावळीत त्रिविक्रमाच्या मुलाला, भास्करभट्टाला, भोजराजाने विद्यापती ही पदवी दिल्याचं लिहिलंय. भोज जर धारचा परमार असेल, तर त्याचा काळ अकराव्या शतकाचा पूर्वार्ध. आता बोटांवर मोजा. १११४ मध्ये जन्मलेल्या भास्कराचार्यांपासून पाच पिढ्या मागे, पिढीला पंचवीस वर्षं, की भास्करभट्टाचा जन्म येतो ९९० च्या आसपास. भोजाशी अगदी जुळतं. पण मग त्याचा बाप ९१५ मध्ये दरबारी कवी कसा असेल? एक तर मधल्या पिढ्या लेखात गळल्या असतील, नाही तर भोज दुसरा असेल (कनौजच्या प्रतिहारांतही भोज होतेच), नाही तर त्रिविक्रम दोन. मला शेवटचं जास्त पटतं. गोत्र जुळलं म्हणून माणूस जुळला असं होत नाही. एका गोत्रात शेकडो घरं असतात.

आता मठ काढणाऱ्या चांगदेवाकडे पाहा. त्याच्याच शतकात मराठी माणसाच्या तोंडी असलेला चांगदेव वेगळा: वाघावर बसून ज्ञानेश्वरांना भेटायला आलेला, चौदाशे वर्षं जगल्याची ख्याती असलेला योगी, ज्याला उद्देशून पासष्टी लिहिली गेली. त्याची समाधी गोदाकाठी पुणतांब्याला सांगतात, आणि तापी-पूर्णेच्या संगमावर मुक्ताईनगर तालुक्यात त्याच्या नावाचं गाव आणि देऊळ. तिसरा चांगदेव महानुभावांचा: फलटणचे चांगदेव राऊळ, म्हणजे पंचकृष्णांतले चक्रपाणी, ऋद्धिपूरच्या गोविंदप्रभूंचे गुरू. चक्रधरस्वामी त्यांचाच अवतार, अशी पंथाची श्रद्धा. ज्योतिषी, योगी आणि अवतार, असे तीन चांगदेव शंभरेक वर्षांच्या आत, एकाच भाषेच्या मुलखात. त्यातला गणिताचा चांगदेव आज कोणाला ठाऊक नाही. आजोबांची पुस्तकं शिकवणाऱ्याच्या नावाने गाव वसत नसावं.

आणि ज्ञानेश्वर? १८९८-९९ मध्ये ‘भारद्वाज’ या नावाने शिवराम एकनाथ भारदे यांनी ‘सुधारक’ पत्रात लेखमाला लिहून सांगितलं की ज्ञानेश्वरी लिहिणारे ज्ञानेश्वर आणि अभंग रचणारे ज्ञानदेव हे दोन निराळे. एक आपेगावचे, एक आळंदीचे. महाराष्ट्रात केवढी खळबळ उडाली असेल ते सांगायला नको. बहुतेक अभ्यासकांनी ते मानलं नाही, मलाही पटत नाही. पण भारद्वाजांनी वापरलेली पद्धत तीच होती, भाषा पाहायची, श्रद्धा पाहायची, गाव पाहायचं, मग माणूस ठरवायचा. नामदेवांच्या बाबतीत ती पद्धत खरी ठरली. एकनाथांच्या काळात विष्णुदास नामा नावाचा कवी होऊन गेला, महाभारत ओवीत उतरवणारा. त्याच्याही रचनेत नाम्याचीच मुद्रा. लोकांनी भक्तीने दोघांचे अभंग एकाच गाथेत म्हटले, लिहिले, छापले. तीनशे वर्षांनी जुन्या नाम्याचं कोणतं आणि नव्याचं कोणतं, हे निवडायचं काम गाथेच्या संपादकांच्या वाट्याला आलं. अभंगागणिक तो प्रश्न पुन्हा पडतो, आणि काही अभंगांपुढे त्यांनी प्रश्नचिन्हच ठेवलं आहे.