थंडी संपली का? ब्रिटनमध्ये उत्तर डबक्यात सापडतं!

आपल्याकडे आंब्याला मोहोर आला, कोकीळ गाऊ लागला की वसंताची चाहूल लागते. ब्रिटनमध्ये मात्र अनेक जण त्यासाठी बागेतल्या डबक्यात डोकावतात. तिथे वसंताची वर्दी बेडूकही देतात.

नेमकं बघायचं काय?

हिवाळाभर बेडूक लाकडांच्या ढिगाखाली, पालापाचोळ्यात किंवा तळ्याच्या गाळात निपचित पडून असतात. जरा उबदार, ओलसर रात्री सुरू झाल्या की ते अंडी घालायला पाण्याकडे निघतात. नैर्ऋत्येकडच्या कॉर्नवॉलमध्ये ही अंडी जानेवारीतही दिसू शकतात, तर उत्तरेकडे मार्च उजाडतो.

अंडी कोणाची, हे ओळखणं सोपं आहे. भिजवलेल्या सब्जासारखा पुंजका असेल तर बेडकाची. पाणवनस्पतींना गुंडाळलेली लांब माळ असेल तर टोडची. पालीसारख्या दिसणाऱ्या न्यूटची मादी मात्र एकेक अंडं पानात दुमडून ठेवते.

याच सुमारास भुंग्यांसारख्या बंबलबीची राणी झोपेतून उठते, पिवळं ब्रिमस्टोन फुलपाखरू उडू लागतं आणि मार्चमध्ये चिफचॅफ पक्षी गाऊ लागतो.

या नोंदींचा उपयोग काय?

नॉरफोकमधल्या रॉबर्ट मार्शम यांनी 1736 मध्ये अशा खुणांच्या तारखा लिहायला सुरुवात केली. त्यात बेडकांचं ओरडणंही होतं. त्यांच्या कुटुंबाने हे काम 1958 पर्यंत चालवलं. आज वुडलँड ट्रस्टच्या 'नेचर्स कॅलेंडर' या उपक्रमात सामान्य लोक नोंदी पाठवतात. जुन्या-नव्या तारखा शेजारी ठेवल्या की वसंताच्या अनेक खुणा आता लवकर दिसतात, हे लक्षात येतं.

लवकर आला तर बिघडलं कुठे?

उबदार दिवसांना भुलून बेडकांनी अंडी घातली आणि पुन्हा कडाका पडला, तर वरच्या थरातली अंडी गोठून मरतात. दुसरा धोका वेळ चुकण्याचा. ओकला लवकर पालवी फुटली की त्यावरच्या अळ्याही लवकर येतात. टिट पक्ष्यांची पिल्लं नंतर जन्मली, तर त्यांच्या वाट्याला कमी खाऊ उरतो.

मग करायचं काय?

ब्रिटनमध्ये राहत असाल तर अंडी दिसताच तारीख आणि ठिकाण नोंदवा. ती उचलून दुसऱ्या तळ्यात टाकू नका, त्यातून रोग पसरतात. ओलसर रात्री गाडी हळू चालवा. तळ्याकडे निघालेले असंख्य टोड रस्त्यावर चिरडले जातात. काही गावांत स्वयंसेवक त्यांना बादलीत घालून रस्ता ओलांडून देतात.

भारतात असाल तर 'सीझनवॉच' उपक्रमात घराजवळच्या झाडाची नोंद ठेवता येते. बहावा कधी फुलला, एवढी एक तारीखही उपयोगाची आहे.