गेमचं अपडेट आलं की ‘मॉड’ का बंद पडतं?

साक्री तालुक्यातल्या पिंपळनेरसारख्या गावात अनेक घरांत चांगला मोबाईल एकच असतो, आणि तो वडिलांचा. दिवसा त्यावर कांद्याचे भाव पाहिले जातात, बँकेचे व्यवहार होतात. रात्री जेवणं झाली की तो मुलाच्या हाती जातो आणि ‘बीजीएमआय’ सुरू होतो. अशात गेमचं नवं अपडेट येतं, मित्राने पाठवलेली ‘मॉड’ची फाइल चालेनाशी होते आणि नव्या फाइलचा शोध सुरू होतो. धोका नेमका इथेच आहे.

ऑनलाइन गेम थोडा मोबाईलमध्ये चालतो, थोडा कंपनीच्या सर्व्हरवर. शंभर खेळाडू एका बेटावर उतरले की कोण कुठे आहे, गोळी कुणाला लागली, याचा हिशेब सर्व्हर ठेवतो. दोन्हीकडची आवृत्ती वेगळी असेल तर हिशेब जुळत नाही. म्हणून अपडेट न केलेल्याला आत प्रवेश नसतो. मॉड म्हणजे मूळ गेममध्ये बाहेरच्या कुणी केलेला बदल. तो जुन्या आवृत्तीच्या मापाने बेतलेला असतो.

मॉड म्हणजे वाईटच, असं मुळीच नाही. ‘डे-झी’ हा तगून राहण्याचा गेम 2012 मध्ये ‘आर्मा 2’वरचं मॉड म्हणूनच आला. अशीच मॉड करता करता ब्रेंडन ग्रीन यांनी पुढे ‘पबजी’ घडवला. ‘डे-झी’ आणि ‘माइनक्राफ्ट’चे निर्माते मॉड करणाऱ्यांना आजही अधिकृत साधनं देतात. हौशी मुलाला प्रोग्रामिंगची गोडी लागायला ही वाट उत्तमच.

‘सगळं अनलॉक’ म्हणून फिरणाऱ्या एपीके फाइलचं मात्र तसं नाही. अँड्रॉइडच्या प्रत्येक ॲपवर निर्मात्याची डिजिटल सही असते. ॲपमध्ये जरा बदल केला तरी ती जुळत नाही, मग बदल करणारा स्वतःची सही ठोकतो. अशा ॲपवर मूळ कंपनीचं अपडेट बसत नाही. जुनं काढून पुन्हा कुणा अनोळख्याची फाइल घ्यावी लागते, तीही प्ले स्टोअरच्या बाहेरून. तिने एसएमएस वाचायची परवानगी मागितली आणि मुलाने ती दिली, तर बँकेचा ओटीपीही तिच्या हाती जातो. गोळ्या झाडायच्या गेमला एसएमएस कशाला वाचायचे असतात?

अपडेटसोबत नवा सीझन, मोजक्या दिवसांची बक्षिसं येतात आणि झोप मागे पडते. ‘बीजीएमआय’ मे 2023 मध्ये भारतात परतला तेव्हा 18 वर्षांखालच्यांना दिवसाला 3 तास, इतरांना 6 तास अशी मर्यादा घातली गेली. पण वडिलांच्या खात्यावरून खेळणारा सातवीतला मुलगा गेमच्या लेखी प्रौढच!

चार रात्री जागला म्हणून मुलगा लगेच रुग्ण ठरत नाही. खेळ आवरता न येणं, अभ्यास-जेवणापेक्षा तोच मोठा होणं, नुकसान दिसूनही न थांबणं, आणि हे सहसा वर्षभर चालणं, याला जागतिक आरोग्य संघटना ‘गेमिंग डिसऑर्डर’ म्हणते. तशी शंका आल्यास ‘टेली मानस’च्या 14416 या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो. खात्यातून पैसे गेले असतील तर मात्र आधी 1930 लावायचा, तोही लगेच.