सासूबाईंची बार्शी लाईट

"एवढी घोडी झाली, नि खेळण्याशी खेळतेय!" सासूबाईंचं हे पालुपद मी सहा महिने ऐकलं. मुलगा शिकायला पुण्याला गेला, माळा आवरताना त्याचा लेगोच्या ठोकळ्यांचा खोका सापडला. मग काय, दुपारची झाकपाक झाली की मी आगगाडी जोडायला बसायची. डबे झाले, रूळ झाले, मोटारही बसवली. पण इंजिनाची चाकं नुसती गरगर फिरायची, गाडी जागची हलेना!

वाट सापडली ती आपल्याच जिल्ह्यात. १८९७ मध्ये कुर्डुवाडीहून बार्शीला अडीच फुटी रुळांची छोटी गाडी सुरू झाली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरनं तिच्या चाकांच्या एका जोडीवर ५ टनांहून जास्त भार येऊ दिला नव्हता. हे वाचलं नि डोक्यात आलं, भार कुठं ठेवायचा याचाच सगळा खेळ! माझा बॅटरीचा जड डबा होता मागच्या वाघिणीत. तो उचलून मोटारीच्या चाकांवर ठेवला. चाकांनी रूळ धरले नि गाडी सुटली!

आवाजानं सासूबाई पोथी मिटून आल्या. बराच वेळ बघत राहिल्या. "अगं, ही तर आमची बार्शी लाईट! कुर्डुवाडीला गाडी बदलून हिनंच माहेरी जायची मी."

आता त्या मार्गावर मोठी गाडी धावते. सासूबाईंच्या माहेरीही कुणी उरलं नाही. पण मैत्रिणींनो, चार वाजले की आतून हाक येते,
"काय गं, आज गाडी सोडायची नाही का?"