घरच्या ओट्यावर मोदकांचा क्लास

पुरणपोळी, चकली, अनारसे, मोदक यांतलं एखादं काम ज्यांच्या हाताला चांगलं बसलेलं असतं, त्यांना आजूबाजूचं कुणीतरी कधी ना कधी म्हणतंच, "तुम्ही क्लास का घेत नाही?" बहुतेक वेळा बोलणं तिथंच थांबतं, कारण लगेच शंका येते. कृती तर सगळ्यांकडे आहेत. कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'ने त्या १९७० सालीच पुस्तकातून घरोघरी पोचवल्या, आणि आता मोबाइल उघडला की एकेका पदार्थाचे शेकडो व्हिडिओ समोर येतात. मग पैसे मोजून शिकायला कोण येणार?

लोक येतात, आणि ते का येतात हे नीट समजलं की क्लासची सगळी आखणी त्यातूनच ठरते. उकड कशी दिसते ते व्हिडिओत दिसतं, पण ती हाताला किती मऊ लागायला हवी हे कळत नाही. पारी कडेला चिरली तर शेजारी उभं राहून "उकड कोरडी आहे, पाण्याचा हात लावून परत मळ" असं सांगणारं माणूस लागतं. फी असते ती या सांगण्याची. म्हणून क्लास लहान हवा आणि एका बैठकीत एकच पदार्थ हवा. "संपूर्ण महाराष्ट्रीय स्वयंपाक, चार रविवार" अशी जाहिरात भरगच्च दिसते खरी, पण तीन तासांत पाच पदार्थ दाखवायचे म्हटलं की शिकणाऱ्यांच्या हातात काही पडत नाही, ते नुसते बघत राहतात.

उकडीचे मोदक सुरुवातीला उत्तम. गणपतीच्या आधीच्या तीन-चार आठवड्यांत ते शिकण्याची खरी गरज असते, साहित्य मोजकं असतं, आणि चुका डोळ्यांना दिसतात, त्यामुळे त्या दाखवताही येतात.

क्लास जाहीर करण्याआधी करायचं मोठं काम म्हणजे स्वतःचा अंदाज मापात उतरवणं. वर्षानुवर्षं मोदक करणारी बाई पीठ मोजत नाही, पाणी मोजत नाही, आणि विचारलं तर सांगते, "घट्ट वाटलं की थोडं पाणी." शिकणाऱ्याला एवढ्यावर काही करता येत नाही. तेव्हा नेहमीसारखे मोदक करायला घ्या, पण या वेळी वजनकाटा आणि वही जवळ ठेवा, आणि घरातल्या कुणाला तरी लिहायला बसवा. तुम्ही जे न सांगता करता तेही त्यांनी टिपायचं: गॅस कधी बारीक केला, झाकण किती वेळ ठेवलं, हाताला तेल केव्हा लावलं. असं वेगवेगळ्या दिवशी करून पाहिलं की माप स्थिरावतं. साधारण एक वाटी बारीक, चाळलेल्या तांदळाच्या पिठीला एक वाटी पाणी, चिमूट मीठ आणि चमचाभर तूप किंवा तेल. सारणाला दोन वाट्या खोवलेला ओला नारळ आणि एक वाटी चिरलेला गूळ. पिठी जुन्या तांदळाची असेल तर पाणी थोडं जास्त लागतं. विद्यार्थी घरी वेगळ्या दुकानातली पिठी आणणार असतात, म्हणून हा मुद्दा कागदावर ठळक लिहून द्यावा.

यातल्या प्रत्येक पायरीचं कारणही तुमच्याकडे तयार हवं. तांदळाच्या पिठात गव्हासारखं ग्लुटेन नसतं. पारीला जी काही ओढ येते ती शिजलेल्या स्टार्चमुळे. पाण्याला खळखळून उकळी यायच्या आत पीठ टाकलं तर स्टार्च पुरता शिजत नाही आणि कळ्या पाडताना पारी तुटते. उकड गरम असतानाच मळायची तीही एवढ्याचसाठी: गार झाली की ती घट्ट होते आणि गुठळ्या मोडत नाहीत. आधी वाटीच्या बुडाने, मग सोसवेल तसं हाताने. सारणात गूळ जास्त आटला तर निवल्यावर ते कडक होतं, कमी आटला तर पाक सुटून मोदक पात्रात फुटतो. कढईच्या कडा सोडून गोळा जमू लागला, पण बोटाला अजून ओलसर लागतो, तिथं गॅस बंद. हे कारण ज्याला कळलं तो घरी चुकला तरी स्वतःच दुरुस्ती करू शकतो, आणि असा विद्यार्थीच पुढच्या क्लासला मैत्रिणीला घेऊन येतो.

प्रत्यक्ष तीन तास कसे जातात ते पाहू. सकाळी दहाला सुरुवात केली तर आधी सारण चढवायचं, कारण ते निवायला वेळ लागतो. ते शिजत असताना पिठीबद्दल बोलायचं, दोन-तीन प्रकारची पिठी हातात देऊन चोळून पाहायला सांगायची. मग उकड. पहिली तुम्ही काढून दाखवा, दुसरी विद्यार्थ्यांकडून काढून घ्या. मळायला प्रत्येकाला आपापला गोळा हवा. त्यानंतर अगदी सावकाश एक मोदक तुम्ही करायचा: लिंबाएवढा गोळा, बोटांना तेल, मध्ये जाड आणि कडेला पातळ अशी वाटी, अंगठा आत ठेवून बाहेरच्या दोन बोटांनी कळी, लगेच शेजारी दुसरी. सारण भरायचं, मोदक तळहातावर फिरवत कळ्या वर जमवत आणायच्या आणि टोक काढायचं.

यापुढचा तास शिकणाऱ्यांचा. इथं शिक्षकाला एक मोह हमखास होतो. समोरच्याचा मोदक वाकडा होताना पाहवत नाही आणि आपण तो हातातून घेऊन झटकन नीट करून देतो. तसं करू नये. तो मोदक सुंदर दिसेल, पण त्यातून शिकणाऱ्याला काही येणार नाही. "कडा अजून पातळ कर", "कळी वरपर्यंत ओढ" एवढंच बोलावं, फार तर शेजारी बसून स्वतःच्या वेगळ्या गोळ्यावर तेच करून दाखवावं. पहिले दोन-तीन मोदक ओबडधोबड होतातच, तेही पात्रात ठेवायचे. खाली केळीचं किंवा हळदीचं पान, दहा-बारा मिनिटं वाफ, आणि मग सगळ्यांनी बसून तुपाबरोबर खायचे. कोणाचा फुटला, का फुटला, हे बोलणं याच वेळी सगळ्यात चांगलं होतं. उरलेल्या उकडीत मिरची, जिरं घालून निवगऱ्या करायला दाखवा. त्याला पाच मिनिटं लागतात आणि लोकांना त्या मोदकांइतक्याच लक्षात राहतात.

जागेचा विचार करताना खोली केवढी आहे यापेक्षा ओटा आणि शेगड्या किती आहेत ते बघा. दोन शेगड्यांच्या घरात सहापेक्षा जास्त माणसं घेऊ नयेत, पहिल्या वेळी तर चारच. मळायला आणि वळायला जेवणाचं टेबल किंवा खाली चटई चालते. घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर व्यवसायासाठी वापरायला नियमाने परवानगी नाही. त्यामुळे नियमित क्लास घ्यायचे तर १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर घ्या, नाहीतर इंडक्शनवर काम करा. दोन हजार वॅटची इंडक्शन शेगडी साडेआठ अँपिअरहून जास्त वीज ओढते, म्हणून ती १६ अँपिअरच्या मोठ्या प्लगवरच लावायची, एका प्लगवर एकच. एक्स्टेंशन बोर्डवर दोन शेगड्या हा आगीला दिलेला निमंत्रणाचा कागद आहे. नाव नोंदवतानाच कुणाला सुक्या मेव्याची किंवा इतर कशाची ॲलर्जी आहे का, हेही विचारून ठेवावं.

आता पैशांचा हिशेब, समजुतीपुरते आकडे धरून. समजा सहा जण आले आणि फी प्रत्येकी ८०० रुपये ठेवली, तर जमा ४८०० रुपये. साहित्य माणशी १२० रुपयांचं, म्हणजे ७२०. इंधन, छापलेले कागद आणि भांडी घासायला येणाऱ्या ताईंचे जादा पैसे मिळून ५०० धरू. खर्च १२२०, हातात उरले ३५८०. पण तुमचा वेळ तीन तासांचा नसतो. आदल्या दिवशीचा बाजार आणि नारळ खोवणं तीन तास, नंतरची आवराआवर दोन, फोन आणि मेसेज एक, असे एकूण नऊ तास होतात. म्हणजे तासाला साधारण ४०० रुपये. आयत्या वेळी दोघे आले नाहीत तर साहित्य आधीच आणलेलं असतं, उरतात १९८० आणि तासाचे २२० होतात. म्हणून जागा पक्की करताना यूपीआयने पूर्ण फी आगाऊ घ्या, आणि दोन दिवस आधीपर्यंत कळवलं तरच परत, हा नियम पहिल्याच मेसेजमध्ये लिहा. ओळखीच्यांकडून पैसे घ्यायला संकोच वाटतो, विशेषतः बायकांना, कारण स्वयंपाकाच्या कामाची किंमत लावायची सवयच आपल्याला कुणी लावलेली नाही. ती लावली पाहिजे. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांना डबे देणाऱ्या खानावळवाल्या बायकांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, त्याच्या मुळाशी या कामाला उत्पन्नाचं साधन मानणं होतं.

कागदपत्रांचं ओझं सुरुवातीला फार नसतं. सोसायटीच्या सचिवांना आधी सांगावं. रविवारी सहा अनोळखी माणसं लिफ्टने वर येणार असतात. जमाखर्चाची वही पहिल्या दिवसापासून ठेवा, हे उत्पन्न आयकर विवरणपत्रात दाखवावं लागतं. सेवांसाठी जीएसटीची मर्यादा वर्षाला २० लाख रुपये आहे, तेव्हा त्याची चिंता बहुतेकांना नाही. मात्र विद्यार्थिनीची आई "चतुर्थीला एकवीस मोदक करून द्याल का?" असं विचारेल, आणि ती विचारतेच. तिथून तुम्ही पदार्थ विकू लागता आणि अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६ लागू होतो. लहान व्यवसायाला एफएसएसएआयच्या संकेतस्थळावर ऑनलाइन करता येणारी साधी नोंदणी पुरते. ऑर्डर घेण्याआधी ती करून घ्यावी.

विद्यार्थी सुरुवातीला सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरूनच मिळतात. मेसेजमध्ये तारीख, वेळ, फी, किती जागा आणि घरी काय घेऊन जाल एवढं स्पष्ट असावं. मोदकांनंतर दिवाळीपूर्वी चकली, संक्रांतीआधी गुळाची पोळी, होळीआधी पुरणपोळी असं वर्षाचं वेळापत्रक आपोआप तयार होतं. अनारसे घ्यायचे तर तांदूळ तीन दिवस भिजवून केलेलं पीठ आधी तयार ठेवावं लागतं.

सणांखेरीज एक वर्ग मात्र बारमाही चालतो, आणि माझ्या मते तोच सगळ्यात गरजेचा आहे: पोळी, वरण-भात, दोन भाज्या, कोशिंबीर. जुलै-ऑगस्टमध्ये शिकायला परगावी आणि परदेशी निघालेली मुलं-मुली यासाठी येतात. त्यांना कुकरची शिट्टी, रिंग आणि सेफ्टी वाल्व्ह हातात देऊन दाखवा, एका माणसापुरती कणीक किती ते शिकवा, आणि परदेशी जाणाऱ्यांना विजेच्या शेगडीवर पोळी भाजायचा सराव द्या, कारण तिथं पोळी थेट आचेवर फुगवायची सोय बहुतेक ठिकाणी नसते. या मुलांचे मेसेज पुढे महिनोन्महिने येत राहतात, "काकू, डाळ शिजतच नाही." त्यांना उत्तर द्या आणि प्रश्न वहीत उतरवून ठेवा. पुढच्या बॅचच्या कागदात कोणती ओळ वाढवायची ते त्या वहीतून कळतं.