नाव घालून मिळेल

आमच्या माळ्यावर एक पितळी डबा आहे. त्याच्या काठाखाली टिंबाटिंबांनी एक ओळ काढलेली आहे: ‘चि. सौ. कां. कमळ हिस आत्याकडून, वैशाख शके १८७५’. कमळ म्हणजे माझी आजी. लग्नात तिचं नाव बदललं आणि पुढे रेशनकार्डापासून मृत्यूच्या दाखल्यापर्यंत सगळीकडे सासरचंच नाव लागलं. तिचं माहेरचं नाव असलेली घरातली एकमेव वस्तू म्हणजे हा डबा. आत्याचं नाव मात्र त्यावर नाही आणि ते सांगणारं आता कुणी उरलेलं नाही.

विलायतेत शिकारीच्या बंदुकीच्या लाकडी दस्त्यात चांदीचा अंडाकृती पत्रा बसवून त्यावर मालकाच्या नावाची आद्याक्षरं कोरतात आणि ती बंदूक बापाकडून मुलाकडे जाते. गिरगाव, परळ, लालबागच्या चाळींत असा वारसा भांड्यांतून चालत आला. एका खोलीच्या संसारात पिढ्यान्‌पिढ्या टिकणारं दुसरं होतं तरी काय? शिवाय चाळीत नावाची रोजची गरज होती. सामाईक नळावर कळश्यांची रांग लागायची, कल्हईवाल्याकडे चार बिऱ्हाडांची पातेली एकदम जायची, शेजारच्या मुंजीला परात मागून नेली जायची. नाव असलं की भांडं बरोबर आपल्या दारी परत यायचं.

भुलेश्वरला, तांबाकाट्यावर, दादरला भांडी घ्यायला गेलं की दुकानाच्या पायरीशी नाव घालणारा बसलेला असायचा. हाताने नाव घालणारे आता थोडे राहिले आहेत, पण ते काम कसं चालतं हे बघण्यासारखं आहे. भांडं फडक्याने पुसून तो पेन्सिलीने अक्षरांचा अंदाज घेतो. आतून लाकडी ठोकळ्याचा आधार देतो, नाहीतर पत्र्याला पोचा येतो. एका हातात बोटाएवढी पोलादी छिन्नी, दुसऱ्या हातात लहान हातोडी. छिन्नीचं टोक अणकुचीदार असेल तर टिंब उठतं, चपटं असेल तर तिळाएवढी रेघ. अख्खं अक्षर या तिळांचंच. वळण काढायचं म्हणजे आखूड रेघा थोड्या थोड्या तिरक्या करत पुढे न्यायच्या, म्हणून जुन्या भांड्यांवरचा ‘ळ’ गोल न दिसता कोनाकोनांचा दिसतो. वेलांट्या आणि रफार यांना वर जागा लागते. ती आधी सोडली नाही तर रफार थेट काठावर चढतो.

यात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. अशा ठोक्याने धातू निघून जात नाही, तो दबतो आणि खळग्याच्या कडेला किंचित वर येतो. नवीन अक्षरावरून बोट फिरवलं की ते खरखरीत लागतं ते या कडांमुळे. पुढे चिंच, राख आणि पितांबरीने वर्षानुवर्षं घासून कडा झिजतात, पण खळगा राहतो. त्यात काळपटपणा साठतो आणि लख्ख पितळेवर अक्षर आणखी उठून दिसतं. आजीच्या डब्यावरची ओळ आज हाताला गुळगुळीत लागते, डोळ्यांना मात्र स्वच्छ वाचता येते.

आता बहुतेक ठिकाणी विजेचं यंत्र असतं. जाड पेनासारखी मूठ, आत विद्युतचुंबक, टोकाला कठीण धातूची सुई. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साध्या यंत्राची सुई सेकंदाला १०० वेळा आपटते. टिंबं इतकी जवळ पडतात की सलग रेघ दिसते, आणि वळणंही हवी तशी घेता येतात. धोका एकच. हात भरभर गेला की रेघ उथळ उतरते. कारागिराला सरळ सांगावं, ‘दादा, सावकाश घ्या, आणि दोनदा फिरवा.’ चार पैसे जास्त गेले तरी चालतील.

धातूप्रमाणे काम बदलतं. तांबं मऊ, त्यात छिन्नी सहज बसते. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, ते थोडं कडक, पण अक्षर सर्वांत सुबक याच्यावर येतं. कांशात तांब्याबरोबर कथील असतं. ते ठिसूळ, जोराच्या ठोक्याने तडकू शकतं, म्हणून कांशाच्या वाटीवर हलक्या हाताने दोनच अक्षरं घालावीत. स्टेनलेस स्टील सगळ्यांत हट्टी. ठोके पडतील तसं ते त्या जागी आणखी कठीण होत जातं. बारशाची चांदीची वाटी असेल तर सोनाराकडेच न्यावी. तो बारीक पात्याने चांदी खरवडून अक्षर काढतो.

कल्हईने नाव जाईल अशी भीती काहींना वाटते. कथील २३२ अंशांना वितळतं, तांब्याला १०८५ अंश लागतात. कल्हईवाल्याच्या भट्टीत नावाला काही होत नाही. फक्त ते बाहेरून घातलेलं असावं, आत घातलं तर कथिलाखाली बुजतं.

नाव घालायची जागा काठाच्या खाली दोन बोटांवर. तिथे पत्रा ताठ असतो आणि आच कमी लागते. भाचीच्या लग्नात दिलेल्या पातेल्यावर मी हौसेने बुडाला नाव घालून घेतलं, वरून दिसायला नको म्हणून. वर्षभरात गॅसच्या शेगडीवर ते काळं पडलं आणि तारेच्या घासणीने पुसट झालं. चूक माझी. आता वाचायचं तर पातेलं उजेडात तिरकं धरावं लागतं.

काय लिहावं, याबद्दल माझं मत ठाम आहे. पैसे अक्षरामागे मोजले जात, म्हणून जुन्या लोकांनी नावं आखडली: ‘ग. वि.’, ‘सौ. कां.’, ‘भेट’. तेव्हा बघणाऱ्याला ग. वि. कोण ते ठाऊक होतं. पणतीला ठाऊक नसतं. म्हणून देणाऱ्याचं पूर्ण नाव, घेणाऱ्याचं पूर्ण नाव, निमित्त आणि साल एवढं असावंच. मुलीला भांडं देताना तिचं माहेरचं नाव आवर्जून घाला. जुन्या भांड्यावर शक असेल तर त्यात ७८ मिळवा. माघ-फाल्गुनातली तिथी असेल तर ७९. आजीचा वैशाख म्हणजे १९५३ सालचा.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला. तो लांबत गेला तशी लालबाग-परळच्या कितीतरी घरांतली भांडी मोडीत गेली. मोडीत वजन बघतात, नाव कुणी वाचत नाही. चोरबाजारात आजही परक्या घरांतल्या मुंजी-बारशांची नावं असलेले तांबे मिळतात. त्यातला एखादा हातात घेतला की मला पुढे जाववत नाही.

आता चाळींचा पुनर्विकास चालू आहे. माळे रिकामे होतात आणि पोत्यातली भांडी खाली येतात. सगळी ठेवा असं मी म्हणणार नाही, नव्या घरात घंगाळाला जागा नसते. पण पोतं दाराबाहेर जाण्याआधी अर्धा तास काढा. भांडं कोरडं पुसा, नावावर पातळ कागद घट्ट धरा आणि मऊ शिशाची पेन्सिल आडवी करून हलक्या हाताने फिरवा. खळग्यांपाशी कागद पांढरा राहतो, बाकीचा काळा होतो आणि अक्षरं एकेक करून वर येतात. घरात कुणी वडीलधारं असेल तर तो कागद त्यांच्यापुढे ठेवा आणि ‘आत्याकडून’ म्हणजे कुठली आत्या, ते त्याच कागदाच्या मागे लिहून घ्या.