स्वस्त कर्ज त्याच्या नावावर, महाग तिच्या

बुलढाणा जिल्ह्यात, चिखली तालुक्यातल्या उंद्रीसारख्या गावात घरावर कर्ज किती आहे, हे नवऱ्याला आणि बायकोला वेगवेगळं विचारून पाहावं. तो सोसायटीचं किंवा बँकेचं पीक कर्ज सांगेल, फार तर कृषी सेवा केंद्राची उधारी. ती बचत गटाचा हप्ता सांगेल. आणि आजूबाजूला कोणी नसेल तर त्या फायनान्सचाही, ज्याचा माणूस ठरल्या वारी येऊन गल्लीतल्या बायकांना एका ओसरीवर बसवतो. दोघांपैकी कोणी खोटं बोलत नसतं. पण घराचं एकूण देणं दोघांपैकी एकालाही माहीत नसतं.

पैशाच्या नियोजनाचे जे सल्ले छापून येतात ते पगारदार जोडप्यांसाठी असतात. एक तारखेला पगार, त्यातले इतके टक्के बाजूला, उरलेल्यात महिना. सोयाबीन-तुरीवर चालणाऱ्या कोरडवाहू घराला हे मोजमाप लागू पडत नाही. इथे खर्च मे महिन्यात बियाण्यापासून सुरू होतो आणि सोयाबीनची सोंगणी होऊन माल चिखलीच्या किंवा खामगावच्या बाजार समितीत जाईपर्यंत थांबत नाही. दसरा-दिवाळीच्या आसपास पहिला मोठा पैसा दिसतो. तुरीचा त्यानंतर. तो पैसा त्याच्या हातात येतो. तिच्या हातात येतो तो निंदणीच्या मजुरीचा, दुधाचा, आणि जुलै २०२४ पासून लाडकी बहीण योजनेचे महिन्याला दीड हजार. त्याचा पैसा वर्षातून एकदा-दोनदा, तिचा थोडा थोडा पण सतत. त्यामुळे महिन्याला किंवा आठवड्याला फेडायचं कर्ज आपोआप तिच्याकडे जातं. किराणा, शाळेचं सामान, दवाखाना यांचंही तसंच होतं.

आता व्याज पाहू. तीन लाखांपर्यंतचं पीक कर्ज मुदतीत फेडलं तर केंद्राची सवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना मिळून २०२१-२२ पासून व्याज शून्यावर आलं आहे. मात्र हे कर्ज सातबारावर नाव असलेल्याला मिळतं आणि बहुतेक घरांत ते नाव नवऱ्याचं किंवा सासऱ्याचं असतं. बायकोच्या नावावर मिळतं ते विनातारण. बचत गट आपल्याच बचतीतून शेकडा दोन रुपये महिन्याने देतो, म्हणजे वर्षाला २४ टक्के. पण ते व्याज गटातच राहतं आणि शेवटी सभासदांचंच असतं. मायक्रोफायनान्स कंपनीचा दरही अनेकदा चोवीसच्या आसपास असतो आणि ते व्याज गावाबाहेर जातं. बोलण्यात मात्र दोन्हीला 'गट'च म्हणतात, त्यामुळे नवऱ्याला वाटतं की बायकोचं काय ते बचत गटात चाललंय.

५० हजारांचं कर्ज २४ टक्क्यांनी दोन वर्षांत फेडायचं तर महिन्याला साधारण २,६४० रुपये पडतात. एकूण ६३,४०० च्या आसपास. अशी दोन कर्जं घेतली की ५,२८० रुपयांचा हप्ता.

या बाबतीत रिझर्व्ह बँकेचा नियम आहे आणि तो जोडप्यांनी माहीत करून घ्यावा असा आहे. १ एप्रिल २०२२ पासून वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला दिलेलं विनातारण कर्ज म्हणजे मायक्रोफायनान्स, आणि कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि लग्न न झालेली मुलं. या सगळ्यांच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून कुटुंबाच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. म्हणजे बँकेच्या लेखी तुम्ही दोघं आधीपासूनच एक आहात.

पण या नियमात एक भोक आहे. समजा घराचं वर्षाचं उत्पन्न १ लाख ८० हजार. सरासरी महिना १५ हजार, निम्मे झाले साडेसात हजार. ५,२८० चा हप्ता कागदावर सहज बसतो. आता ऑगस्ट घ्या. तो स्वतःच्या शेतात राबतोय, रुपया येत नाही. तिला ३०० रुपये रोजाने पंधरा दिवस निंदणी मिळाली तर साडेचार हजार. दीड हजार लाडक्या बहिणीचे. झाले सहा हजार. हप्ता गेल्यावर उरले ७२०. आकडे मी गृहीत धरलेत, पण ऑगस्टला सरासरी उत्पन्न नसतं ही गोष्ट गृहीत नाही. पावसाळ्यातले हप्ते मग दुसऱ्या फायनान्समधून, सोनं गहाण ठेवून किंवा शेकडा पाचाने देणाऱ्या माणसाकडून भरले जातात. तो माणूस परवानाधारक नसेल तर त्याचा धंदाच बेकायदा आहे. २०१४ च्या सावकारी कायद्याखाली त्याची तक्रार सहकार खात्याच्या तालुक्यातल्या सहायक निबंधकाकडे करता येते.

तिने एवढं महाग कर्ज का उचललं, याचं उत्तर पुष्कळदा त्याच्या खात्यात सापडतं. तो थकबाकीदार झाला, नवं पीक कर्ज बंद झालं, बियाणं-खत तर घ्यायचंच होतं. मग तिच्या नावावर फायनान्स. शून्य टक्क्याचं कर्ज थकवून चोवीस टक्क्यांचं घेणं हा व्यवहार कुठलंही जोडपं समोरासमोर बसून करणार नाही. दोन वेगळ्या वह्या असल्या की तो आपोआप होतो. कर्जमाफीची वाट पाहणं हे थकण्याचं एक मोठं कारण. २०१७ च्या कर्जमाफीत दीड लाखाची मर्यादा कुटुंबाला होती, म्हणजे नवरा-बायकोची दोन खाती असली तरी माफी एकदाच. २०१९ ची योजना दोन लाखांपर्यंतची. २०२५ च्या ऑक्टोबर अखेरीस मुख्यमंत्र्यांनी ३० जून २०२६ पर्यंत निर्णय घेऊ असं जाहीर केलं, आणि थांबावं की भरावं हा हिशेब पुन्हा घरोघरी सुरू झाला. थांबणाऱ्याला मी मूर्ख म्हणणार नाही; आधीच्या वेळी ज्याने नियमित भरलं त्याला तोंड पाडून बसावं लागलं होतं. पण थांबायचं तर त्या वर्षीचं बियाणं कोणाच्या नावावरच्या पैशातून येणार, हे तिला विचारून थांबावं.

म्हणून अंदाजपत्रक महिन्याचं नको, हंगामाचं हवं. सालगड्याचं साल गुढीपाडव्याला ठरतं, घराचंही तेव्हाच ठरवायला हरकत नाही. मृगाच्या आधी तरी नक्की. एका वहीत बारा महिने उभे लिहायचे. कोणत्या महिन्यात कोणाच्या हातात काय येणार, आणि कोणत्या महिन्यात कोणाच्या नावावरचं काय द्यायचं. पीएम किसानचे दोन-दोन हजारांचे तीन हप्ते आणि नमो शेतकरीचे तेवढेच, हेही त्यात. दोन्ही कुटुंबाला एकदाच मिळतात. जुलै ते सप्टेंबरच्या ओळी रिकाम्या दिसतील. त्या महिन्यांचे हप्ते तूर विकली तेव्हाच तिच्या खात्यात वेगळे टाकून ठेवले तर निम्मी ओढाताण मिटते. तो पैसा लग्नाच्या आहेरात जातो हे मलाही माहीत आहे. म्हणून तिच्या खात्यात.

सोयाबीनच्या पैशाचा क्रम हा दुसरा प्रश्न. पीक कर्ज मार्चअखेर भरायचं असतं आणि त्यावर व्याज नाही. फायनान्सचं कर्ज मुदतीआधी फेडलं तर दंड लावायचा नाही, असं रिझर्व्ह बँकेने बजावलेलं आहे. तेव्हा नोव्हेंबरात ३० हजार मोकळे असतील तर ते तिच्या कर्जात गेले की महिन्याला ६०० रुपये व्याज वाचतं. मार्चसाठी तूर आणि उरलेलं सोयाबीन. भाव पडलेला असेल तर बाजार समितीची शेतमाल तारण योजना आहे. गोदामात माल ठेवून त्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम सहा टक्के व्याजाने १८० दिवसांसाठी मिळते. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये आहे, आणि ऐन सोंगणीत बाजारात त्याहून बरंच खाली विकावं लागतं हा अनुभव नवा नाही.

वसुलीविषयीही तिला दोन गोष्टी पाठ असाव्यात. सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर वसुलीसाठी संपर्क करता येत नाही. आणि कर्जाची सगळी माहिती, व्याजासकट, तिला समजणाऱ्या भाषेत कागदावर द्यावी लागते. तो कागद पेटीत ठेवू नये, नवऱ्याला दाखवावा.

सोन्याचं वेगळं बोललं पाहिजे. अडचणीत पहिली गहाण पडते ती तिची पोत. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये केरळच्या एका खटल्यात पुन्हा स्पष्ट केलं की स्त्रीधनावर नवऱ्याची मालकी नाही; अडचणीत त्याने ते वापरलं तरी परत करण्याची नैतिक जबाबदारी त्याची आहे. तेव्हा पोत गहाण पडली तर वहीत ती कर्ज म्हणून लिहावी, नवऱ्याने बायकोकडून घेतलेलं. बहुतेक हिशेबांत हे कर्ज येतच नाही.

नवऱ्याचं कर्ज बायकोला फेडावं लागतं का? ती सहकर्जदार किंवा जामीनदार नसेल तर तिच्या स्वतःच्या मिळकतीतून नाही. नवरा गेल्यावर वारसाला जे मिळालं तेवढ्यापुरतीच वारसाची जबाबदारी. पण हे कायद्यातलं. बुलढाणा हा २००६ च्या पंतप्रधान पॅकेजमधल्या विदर्भातल्या सहा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांपैकी एक, आणि माणूस गेल्यावर दारात एकेक घेणेकरी उभा राहू लागला तेव्हाच आकडा कळला, असं सांगणाऱ्या बायका या भागात आहेत.

स्वस्त कर्ज त्याच्या नावावर आणि महाग तिच्या, ही विभागणी सातबारावरून सुरू होते, तर ती तिथेच मोडता येते. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी नव्वदच्या दशकाच्या तोंडावर 'लक्ष्मीमुक्ती' मांडली: नवऱ्याने जिवंतपणी, राजीखुशीने बायकोच्या नावावर जमीन करायची. जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरने ते गावाने मिळून करून दाखवलं. १९९२ मध्ये राज्य सरकारने परिपत्रक काढून बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावण्याची वाट सोपी केली. नवऱ्याचा अर्ज तलाठ्याकडे द्यायचा. नाव लागलं की पीक कर्जासाठी तीही शेतकरी ठरते. पीएम किसानचे पैसे त्यामुळे दुप्पट होत नाहीत, तो गैरसमज नको. सातबारावर आधीचा बोजा असेल तर बँकेशी किंवा सोसायटीशी बोलावं लागेल. म्हणून हे काम जुनं कर्ज भरल्यानंतर आणि नवं उचलण्याआधी, मार्च-एप्रिलच्या त्या थोड्या दिवसांत करणं सोयीचं.